‘हो’ कोण म्हणालं, ते कुठं लिहिलंय?

आमच्या अभ्यासिकेसमोर राहणाऱ्या अक्का लग्न होऊन सोलापूरच्या पूर्व भागात आल्या, तेव्हापासून बिड्या वळतायत. आदल्या दिवशीच्या बिड्या पाटीत घेऊन सकाळी कारखान्यात जायचं. तिथं चेकर बंडलं उलटीपालटी करून बघतो आणि सैल, फुटक्या, जाडबारीक बिड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. उरलेल्या मोजल्या जातात, पुस्तकात आकडा पडतो आणि दुसऱ्या दिवसासाठी पान, तंबाखू, दोरा मिळतो. अक्कांना मराठी वाचता येत नाही, तेलुगूही जेमतेम. पण त्या पुस्तकातला आपला आकडा त्या लांबून ओळखतात. एकदा भरमसाट छाट काढली आणि पुस्तकात त्याबद्दल काहीच लिहिलं नाही, तेव्हा अक्का दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिल्या. लिहिल्यावरच उठल्या.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. टीव्हीवर ते ऐकून अक्का अभ्यासिकेत आल्या आणि पोरांसमोरच मला विचारलं, “आमच्या बिडीचा कायदा गेला म्हणालेत. दिल्लीत त्याला हो कोण म्हणालं? लिहून ठेवलंय का कुठं?”

स्पर्धा परीक्षेची पोरं माझ्याकडे बघत राहिली. संसदेची पारदर्शकता म्हणजे काय, हे याहून नेमकं मला कोणी विचारलेलं नाही. या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, नाही. नावानिशी कुठंही लिहिलेलं नाही. असं का, आणि मग काय काय लिहिलेलं असतं, ते सोप्या भाषेत मांडायचा हा प्रयत्न.

आधी कायद्याची हकीकत. बिडी आणि सिगार कामगारांच्या नोकरीच्या अटींचा कायदा १९६६ चा. त्याच्यासह तेरा कायदे एकत्र करून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता तयार झाली. तिचं नवं विधेयक लोकसभेत १९ सप्टेंबर २०२० ला मांडलं गेलं, २२ तारखेला तिथं मंजूर झालं आणि २३ तारखेला राज्यसभेत. दिवस कोविडचे होते. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवलेला नव्हता, फक्त लेखी उत्तरं मिळत होती. शेती विधेयकांवरून झालेल्या गोंधळानंतर राज्यसभेचे आठ सदस्य निलंबित झाले होते आणि बहुतेक विरोधी पक्षांनी दोन्ही सभागृहांवर बहिष्कार टाकला होता. विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं.

आवाजी मतदान म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. सगळी गोम तिथंच आहे. अध्यक्ष विचारतात, बाजूने असणाऱ्यांनी ‘हाँ’ म्हणावं, विरोधात असणाऱ्यांनी ‘ना’ म्हणावं. दोन आवाज उठतात. ज्याचा आवाज मोठा वाटला, त्या बाजूने निर्णय झाला असं अध्यक्ष जाहीर करतात. इतिवृत्तात ‘प्रस्ताव स्वीकृत झाला’ एवढंच उमटतं. किती जण हो म्हणाले, कोण गप्प बसलं, कोण चहाला बाहेर गेलं होतं, काहीच उरत नाही. हे बेकायदा नाही. साध्यासुध्या प्रस्तावांना ही पद्धत सोयीचीही आहे, दर वेळी मोजणी करत बसलं तर कामकाज पुढं सरकणार नाही.

पण एखाद्या सदस्याने निकालाला हरकत घेतली आणि मतविभागणी मागितली, तर चित्र बदलतं. घंटा वाजते, सदस्य आत येतात, दारं बंद होतात, प्रत्येक जण आपल्या जागेवरचं बटण दाबतो आणि कोणी कोणत्या बाजूने मत दिलं हे नावासकट छापलं जातं. ती यादी कायमची राहते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडलं, हे आज ठामपणे सांगता येतं ते त्या मोजणीमुळे. घटनादुरुस्तीला तर विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथं मोजणी टाळताच येत नाही. महिला आरक्षणाचं विधेयक २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. ते दोघं कोण, हेही कोणालाही बघता येतं.

मागणी केली की मतविभागणी मिळतेच असं मात्र नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेती विधेयकांवर विरोधकांनी ती मागितली होती. सदस्य आपापल्या जागेवर नाहीत, असं कारण सभापतींच्या आसनावरून दिलं गेलं. जागेवरून मागणी केली होती, असं सदस्यांचं म्हणणं. मधल्या काही मिनिटांत थेट प्रक्षेपणाचा आवाजच बंद होता. लोकसभेच्या नियमांतही अशी वाट आहे की मतविभागणीची मागणी अनावश्यक वाटली तर अध्यक्ष सदस्यांना नुसतं उभं करून डोकी मोजू शकतात, आणि तेव्हा नावं नोंदली जात नाहीत. मला हे पटत नाही. लाखो लोकांच्या पोटाशी संबंध असलेल्या कायद्यावर मोजणी मागावी लागू नये, ती आपोआप व्हावी. बटणं आहेत, यंत्र आहे, फार तर काही मिनिटं जातील.

आणखी एक गोष्ट आमच्या पोरांच्या चटकन लक्षात आली नाही. नाव छापलं गेलं तरी ते मत त्या खासदाराचं स्वतःचं असतंच असं नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. पक्षांतरं थांबवायला हा कायदा हवा होता, पण प्रत्येक विधेयकाला तो लावल्यामुळे आपल्या खासदाराला मनातून काय वाटतं हे मतदानाच्या यादीत दिसत नाही. ते शोधायचं तर त्याची भाषणं आणि त्याने विचारलेले प्रश्न बघावे लागतात.

सुदैवाने प्रश्नांचं दालन बऱ्यापैकी उघडं आहे. लोकसभेत कामकाजाचा पहिला तास, अकरा ते बारा, प्रश्नांचा असतो. राज्यसभेत तो बारा ते एक. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत येतात. त्यांना मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर लगेच पुरवणी प्रश्न विचारता येतो. तासाभरात त्यातले मोजकेच होतात. शिवाय २३० अतारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरं फक्त लेखी. कोणाचा प्रश्न आधी लागणार हे सोडतीने ठरतं. मंत्रालयांना आठवड्याचे वार वाटून दिलेले असतात, त्यामुळे वस्त्रोद्योगाचा प्रश्न वाटेल त्या दिवशी येत नाही. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते.

ही सगळी प्रश्नोत्तरं संसदेच्या ‘डिजिटल संसद’ या संकेतस्थळावर आहेत. आम्ही त्या संध्याकाळी शोधायला बसलो. खासदाराच्या नावाने शोधता येतं, मंत्रालयाने शोधता येतं, विषयाचा शब्द टाकूनही शोधता येतं. एका पोराने बिडी टाकलं, दुसऱ्याने टेक्स्टाईल आणि पॉवरलूम, तिसऱ्याने सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वे. पडदा भरून गेला. एका पोराचे वडील यंत्रमागावर कांडी भरतात. ‘आपल्या धंद्याबद्दल दिल्लीत इतकं विचारलंय?’ एवढंच तो बोलला आणि मग बराच वेळ एकटाच वाचत बसला.

शोधताना एक भान ठेवावं लागतं. जे राज्याच्या किंवा महापालिकेच्या अखत्यारीत आहे, त्यावर संसदेत प्रश्न स्वीकारला जात नाही. गल्लीत पाणी किती दिवसांआड येतं, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न असला तरी तो पालिकेच्या सभागृहाचा. रेल्वे, टपाल, भविष्य निर्वाह निधी, जीएसटी, विमानतळ, राष्ट्रीय महामार्ग, हे दिल्लीचं. चुकीच्या दारात उभं राहिलं की उत्तर मिळत नाही आणि माणूस समजतो, आपल्याला मुद्दाम टाळलं.

उत्तरं वाचताना तुम्हाला एक वाक्य वारंवार भेटेल. ‘माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल.’ बहुतेक लोक इथं कंटाळून पान उलटतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण या वाक्याला संसदेत फार वजन आहे. ‘तपासून पाहू’, ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती मागवली आहे’ असं मंत्री म्हणाले की त्याची आश्वासन म्हणून नोंद होते. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यावर लक्ष ठेवायला दोन्ही सभागृहांची स्वतंत्र समिती असते, सरकारी आश्वासन समिती. लोकसभेची समिती १९५३ पासून आहे. मंत्रालयाला मुदत वाढवून मागावी लागते, आश्वासन सोडून द्यायचं असेल तर त्याचं कारण समितीला पटवावं लागतं, आणि समितीचे अहवाल खुले असतात. म्हणजे एखादं मंत्रालय कोणतं वचन किती वर्षं रेंगाळवतंय, हे घरबसल्या वाचता येतं. संसदेच्या सगळ्या यंत्रणेत मला सर्वात जवळची वाटणारी समिती हीच. ती अक्कांसारखी पायरीवर बसून राहते.

आता बंद दाराकडे येऊ. संसदेचं खरं बारकाव्याचं काम सभागृहात कमी आणि स्थायी समित्यांमध्ये जास्त होतं. मंत्रालयांच्या विषयांनुसार अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. ही व्यवस्था १९९३ मध्ये सुरू झाली. आपल्या शहराच्या दृष्टीने महत्त्वाची म्हणजे कामगार, वस्त्रोद्योग आणि कौशल्य विकास या विषयांची समिती. चादरी-टॉवेलचे यंत्रमाग आणि बिडी, दोन्ही तिच्याच पदरात. समितीसमोर अधिकारी साक्ष देतात, कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना म्हणणं मांडतात, कधी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांकडून सूचना मागवल्या जातात. कोणीही सूचना पाठवू शकतं, आपणसुद्धा.

पण या बैठका बंद दाराआड होतात. कॅमेरा नाही, पत्रकार नाही. कारण असं दिलं जातं की कॅमेऱ्यासमोर खासदार पक्षाचं बोलतात, बंद खोलीत मनातलं बोलतात आणि वेगवेगळ्या पक्षांचं एकमत होऊ शकतं. यात तथ्य आहे. समितीत पक्षादेश चालत नाही. तरी माझं मत असं की सदस्यांची आपसातली चर्चा बंद राहू द्यावी, अधिकाऱ्यांची साक्ष मात्र उघडी व्हावी. मंत्रालयाचा सचिव एखाद्या योजनेचे पैसे का खर्च झाले नाहीत हे सांगत असेल, तर ते ऐकायचा हक्क त्या योजनेची वाट बघणाऱ्याला असायला हवा.

अहवाल सभागृहात ठेवला गेला की तो मात्र सगळ्यांसाठी खुला होतो. कामगार सुरक्षा संहितेचा पहिला मसुदा २०१९ चा, तो समितीकडे गेला होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अहवाल आला. तो आजही वाचता येतो. सप्टेंबरमध्ये जे नवं विधेयक आलं, ते पुन्हा समितीकडे गेलं नाही. मांडल्यापासून पाच दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार पडलं. त्या पाच दिवसांत पूर्व भागातल्या कोणाला ते मिळणार होतं, कोण ते वाचून सांगणार होतं? मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवून सूचना घ्याव्यात, असं केंद्र सरकारचं २०१४ चं स्वतःचं धोरण आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे ते पाळलं नाही म्हणून विधेयक अडत नाही. पंधराव्या लोकसभेत, म्हणजे २००९ ते २०१४ मध्ये, ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत, २०१९ ते २०२४ मध्ये, हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. हा आकडा मला अस्वस्थ करतो. समितीची खोली बंद असते हे खरं, पण तिथं गेलेल्या विधेयकाचा माग तरी उरतो.

सभागृहाचं कामकाज टीव्हीवर दिसतं, मग लपलंय काय, असं अनेकांना वाटतं. प्रक्षेपण हळूहळू आलं. १९८९ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रपतींचं अभिभाषण पहिल्यांदा दाखवलं गेलं, मग प्रश्नोत्तराचा तास, २००६ मध्ये लोकसभेची स्वतंत्र वाहिनी, २०११ मध्ये राज्यसभेची, आणि २०२१ मध्ये दोन्ही मिळून संसद टीव्ही. पण कॅमेरा कोणाकडे वळवायचा हे सभागृहाचीच यंत्रणा ठरवते. दाखवलेलं सगळं इतिवृत्तात राहतं असंही नाही. बदनामीकारक किंवा असंसदीय शब्द अध्यक्ष कामकाजातून काढू शकतात. तिथं छापील पानावर तारे दिसतात आणि तळाला एक ओळ. काढलेला भाग वर्तमानपत्राने छापला तर हक्कभंग होऊ शकतो. म्हणजे थेट प्रक्षेपणात देशाने ऐकलेली गोष्ट अधिकृत नोंदीत नसते. शिवीगाळ काढली तर कोणाची तक्रार नाही. पण टीका आणि आरोपही याच कात्रीत सापडतात, आणि का काढलं याचं सविस्तर कारण नोंदलं जात नाही.

संसदेत काय झालं ते छापण्याचा हक्कही लढूनच मिळालेला आहे. फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकातून १९५६ मध्ये संसदीय कामकाजाच्या वार्तांकनाला संरक्षण देणारा कायदा झाला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तो रद्द केला गेला आणि १९७७ मध्ये पुन्हा आला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. आज एखादा सोलापूरकर पत्रकार खासदाराचं भाषण जसंच्या तसं निर्धास्तपणे छापतो, तो या जोरावर. उलट उदाहरण १९६२ चं. चीनचं आक्रमण चालू असताना लोकसभेची गुप्त बैठक घ्यावी अशी सूचना आली, नियमांत तशी तरतूदही आहे, पण नेहरूंनी ती मानली नाही. युद्धाच्या काळातली चर्चा देशाने ऐकली.

संकेतस्थळावर जे सापडत नाही, ते माहिती अधिकारात मागता येतं. लोकसभा आणि राज्यसभा सचिवालयं २००५ च्या कायद्याच्या कक्षेत आहेत. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. संसदेचा विशेषाधिकार भंग होईल अशी माहिती नाकारता येते. या कायद्यात एक फार सुंदर ओळ होती, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. खासदार आणि बिडी वळणारी बाई, माहितीच्या बाबतीत दोघांना एका रांगेत उभं करणारी ओळ. वैयक्तिक माहितीच्या उपकलमाला ती जोडलेली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते उपकलमच बदललं आणि ही ओळ गळली. कायद्याच्या पुस्तकातून एखादं वाक्य जाण्याचं मला इतकं वाईट क्वचितच वाटलं असेल.

राहिली भाषा. राज्यघटनेच्या १२० व्या अनुच्छेदानुसार कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत. त्या भाषा नीट येत नसतील तर अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं, आणि आता मराठीसह अनेक भाषांमधून भाषांतर सभागृहात ऐकू येतं. पण प्रश्नांची लेखी उत्तरं आणि समितीचे अहवाल हिंदी-इंग्रजीतच. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि दखनी, अशा गावात हा कागद उघडा असूनही बंदच. त्यामुळे आता दर शनिवारी आमची पोरं एक उत्तर निवडतात, मराठीत आणि तेलुगूत सांगतात. बायका बिड्या वळत ऐकतात.

त्यातूनच अक्कांचा प्रश्न तयार झाला. १९६६ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमात छाटीवरून होणाऱ्या वादाचा झटपट निवाडा करायची तरतूद होती, हे एका मुलीने शोधून काढलं. लोकसभेचा प्रश्न साधारण १५० शब्दांत बसावा लागतो, त्यात युक्तिवाद किंवा टोमणा चालत नाही. आम्ही लिहिलं:

‘कामगार आणि रोजगार मंत्री हे सांगतील काय: (क) महाराष्ट्रात, विशेषतः सोलापूर जिल्ह्यात, नोंदणीकृत बिडी कामगार किती आहेत, (ख) नाकारलेल्या बिड्यांविषयीच्या वादाच्या निवाड्याची १९६६ च्या कायद्यातील तरतूद नव्या संहितेत कोणत्या कलमात आहे, (ग) नसल्यास, घरी काम करणाऱ्या कामगाराने दाद कोठे मागावी?’

मी वाचून दाखवलं. अक्कांनी पान वळता वळता हात थांबवला. “ह्यात छाट कुठं हाय?” म्हटलं, नाकारलेल्या बिड्या म्हणजे तेच. त्यांना ते चाललं नाही. मग आम्ही पुढं कंसात ‘छाट’ घातलं.

अर्ज द्यायला खासदारांच्या कार्यालयात निघालो, तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. “दुसरी प्रत ने. त्यावर शिक्का मारून, तारीख घालून आण.” संध्याकाळी पोच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा घडी घालून आपल्या बिडीच्या पुस्तकात, शेवटच्या आकड्याच्या पानाला ठेवली.